सौम्य हवामान म्हणजे सुखद हवामान काय?

पश्चिम युरोपचा भूगोल शिकविताना आपण फळ्यावर ‘सम व सौम्य हवामान’ असे शब्द लिहितो, पश्चिमी वारे व उष्ण सागरप्रवाह ही दोन कारणे सांगतो आणि पुढील पाठाकडे वळतो. मुले ते शब्द पाठ करतात. परंतु ‘सौम्य’ या शब्दाने त्यांच्या मनात कोणते चित्र उभे राहते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात वैशाखाचे ऊन सोसलेल्या मुलाला सौम्य हवामान म्हणजे बारमाही महाबळेश्वर वाटले, तर त्यात नवल नाही. हाच मुलगा जेव्हा ऐकतो की, इंग्रज प्रवासी मोठा खर्च करून हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर केवळ ऊन घेण्यासाठी येतात आणि स्वदेशी असताना आपल्या उन्हाळ्याविषयी कुरकुर करीत असतात, तेव्हा त्याचा गोंधळ उडतो. हवा इतकी चांगली, तर ते लोक तिला कंटाळतात का? हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातील एका ओळीत सामावणारे नाही.

प्रथम भाषेची एक अडचण दूर केली पाहिजे. ‘उन्हाळा’ हा आपला शब्द मुळातच उन्हाच्या त्रासाचा आहे. आपल्याकडे एखाद्या वर्षी ऊन कमी पडले, तर त्या उन्हाळ्याला निराशाजनक कोण म्हणेल? उलट लोक समाधानच व्यक्त करतील. निराशा करतो तो आपला पावसाळा. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, की घराघरांतून आभाळाकडे डोळे लागतात. इंग्लंड-आयर्लंडातील माणूस नेमक्या त्याच आशेने जून-जुलैत उन्हाची वाट पाहतो. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. पुण्याला त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंश वर असतो. असे महिने काढल्यावर उन्हाळ्याकडे तेथील लोक ठेव परत मिळण्याचा दिवस म्हणून पाहतात. म्हणून ‘तेथील उन्हाळा निराशा करतो’ हे वाक्य वर्गात सांगण्यापूर्वी, ‘आपल्याकडे पावसाने ओढ दिली म्हणजे जसे वाटते तसे’ एवढे जोडावे. मुलांना ते तत्काळ समजते.

या हवामानाविषयीची तक्रार आजकालची नाही. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. ९८ च्या सुमारास आपल्या सासऱ्याचे चरित्र लिहिले. हा सासरा, अग्रिकोला, ब्रिटनचा रोमन सुभेदार होता. त्या चरित्रात ब्रिटनच्या हवेविषयी टॅसिटसने दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत. तेथील आकाश वारंवारच्या पावसाने व धुक्याने मळलेले असते ही एक, आणि थंडीचा कडाका मात्र तेथे नाही ही दुसरी. पिकांविषयीही तो सांगतो की, ती लवकर उगवतात पण सावकाश पिकतात, आणि दोहोंचे कारण एकच, जमिनीतील व आकाशातील विपुल ओल. एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणतेही उपकरण हाती नसताना केलेले हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. सौम्यपणा आणि मळभ ही एकाच घरची दोन भावंडे आहेत, हे त्याने ओळखले होते. परंतु भावंडे वेगळी राहू शकतात, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. ते आपण पुढे पाहू.

समुद्र हवामान सौम्य कसे करतो, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा दोन डब्यांनी दाखवावे. सारख्या आकाराच्या दोन पत्र्याच्या डब्यांपैकी एकात पाणी व दुसऱ्यात कोरडी माती भरून ते दोन तास उन्हात ठेवावेत. मातीचा वरचा थर हाताला चटका देईल, पाणी नुसते कोमट लागेल. मग दोन्ही डबे सावलीत आणावेत. माती लवकर निवते, पाणी आपली ऊब धरून राहते. प्रत्यक्ष समुद्रात आणखी एक गोष्ट घडते. लाटा व वारे पाणी घुसळतात, त्यामुळे उन्हाची उष्णता वरच्या थरातच न राहता कित्येक मीटर खोल वाटली जाते. परिणामी समुद्र उन्हाळाभर उष्णता साठवितो आणि हिवाळाभर ती थोडी थोडी परत देतो. त्याच्यावरून वाहणारे वारे ज्या भूमीवर पोहोचतात, तेथे थंडी व उष्मा या दोहोंच्या कडा बोथट होतात. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील व्हॅलेन्शिया येथील वेधशाळा आणि रशियातील ओरेनबुर्ग ही दोन्ही ठिकाणे सुमारे ५२ उत्तर अक्षांशावर आहेत. व्हॅलेन्शियाचे जानेवारीचे सरासरी तपमान ७ ते ८ अंश सेल्सियस, तर जुलैचे १५ ते १६ अंश. ओरेनबुर्ग येथे जानेवारीत शून्याखाली सुमारे १२ अंश आणि जुलैत शून्यावर सुमारे २२ अंश. एके ठिकाणी वर्षातील फरक ८ अंशांचा, दुसऱ्या ठिकाणी ३४ अंशांचा. नकाशावर ही दोन गावे दाखवून आकडे मुलांकडूनच वजा करून घ्यावेत.

येथे उष्ण सागरप्रवाहाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपण सर्वच त्याच्या पदरात फार मोठे श्रेय टाकीत आलो आहोत. २००२ साली रिचर्ड सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, पश्चिम युरोप व अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्या हिवाळ्यांतील अंतराचे मुख्य कारण प्रवाहाने दक्षिणेकडून वाहून आणलेली उष्णता हे नसून, उन्हाळ्यात त्याच ठिकाणच्या समुद्राने साठविलेली उष्णता आणि वाऱ्यांची दिशा हे आहे. रॉकी पर्वतामुळे पश्चिमी वाऱ्यांना जे वळण मिळते, त्याचाही त्यांनी हिशेब केला. प्रवाहाचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप चर्चा होते. त्याला वगळण्याचे कारण नाही. पण ‘गल्फ प्रवाहामुळे इंग्लंड उबदार’ एवढेच सांगून थांबणे आता पुरेसे नाही.

आता मळभाकडे वळू. जो वारा समुद्रावरून ऊब आणतो, तोच बाष्पही आणतो. कोरडी ऊब वेगळी काढून देण्याची सोय निसर्गात नाही. अटलांटिक महासागरावर उत्तरेकडील थंड हवा व दक्षिणेकडील उष्ण हवा यांच्या सीमेवर एकामागून एक आवर्त निर्माण होतात व पश्चिमी वाऱ्यांबरोबर युरोपच्या किनाऱ्याकडे सरकतात. प्रत्येक आवर्ताबरोबर ढगांचा पट्टा, पाऊस, थोडी उघडीप आणि पुन्हा ढग असा क्रम चालतो. आवर्त नसतील तेव्हाही दमट हवा किंचित निवली, तरी आकाशात ढगांची सलग चादर पसरते. तिच्यातून पाऊस पडेलच असे नाही, पण सूर्यही दिसत नाही. प्रत्यावर्त आला म्हणजे हवा निरभ्र होते, असे आपण शिकवितो. हिवाळ्यात तेथे असेही घडते की, प्रत्यावर्ताखाली दमट हवा कोंडून राहते आणि आठ-आठ दिवस राखी आकाश हलत नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तर वसंतात व उन्हाळ्यात, आतील गावांत स्वच्छ ऊन असताना, थंड उत्तर समुद्रावरून दाट धुके आत शिरते. तेथील लोकांनी त्याला ‘हार’ असे स्वतंत्र नावच दिले आहे. ज्या गोष्टीला लोक वेगळे नाव देतात, ती त्यांच्या नित्य परिचयाची असते, हे ओघाने आलेच.

पावसाचे आकडे पाहिले म्हणजे गंमत वाटते. लंडनचा वार्षिक पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहून कमी. मग पावसाळी म्हणून दुर्लौकिक लंडनचाच का? पुण्याचा पाऊस चार महिन्यांत पन्नासएक दिवसांत आटोपतो आणि पुढे आकाश मोकळे होते. लंडनचा पाऊस बारा महिन्यांवर पसरलेला असतो आणि किमान एक मिलिमीटर पाऊस पडणारे दिवसच शंभराच्या वर जातात. आयर्लंडच्या पश्चिम भागात असे दिवस सव्वादोनशेपर्यंत पोहोचतात. मनाला थकविते ती पावसाची संख्या नसून त्याची चिकाटी होय. उन्हाचा हिशेब याहून बोलका आहे. लंडनला वर्षाकाठी साधारणतः १,६०० ते १,७०० तास ऊन मिळते, व्हॅलेन्शियाला सुमारे १,३०० तास, स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवर सुमारे १,१०० तास. पुण्याचा आकडा अडीच हजारांच्या वर आहे.

उन्हाळ्याच्या निराशेत मात्र केवळ हवेचा दोष नाही, पंचांगाचाही आहे. सूर्य २१ जूनच्या सुमारास सर्वांत उंच असतो. आयर्लंडात सर्वांत अधिक ऊन मे व जून या महिन्यांत पडते आणि पश्चिमेकडील पुष्कळ ठिकाणी पाऊसही एप्रिल ते जून या काळातच कमी असतो. पण समुद्र आळशी. तो ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तापत राहतो. जुलै-ऑगस्टपर्यंत हवेतील बाष्प वाढते, आवर्तांची ये-जा वाढते आणि आकाश पुन्हा भरून येते. इंग्लंडातील शाळांची मोठी सुट्टी नेमकी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत असते. १८७१ च्या कायद्याने ऑगस्टचा पहिला सोमवार सार्वजनिक सुट्टीचा ठरला. १९६५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये ही सुट्टी आणखी पुढे, महिन्याच्या अखेरीस नेण्यात आली. म्हणजे चांगले दिवस मुलांनी वर्गात बसून काढावेत आणि सुट्टीत समुद्रकाठी छत्री घेऊन उभे राहावे, अशी जणू योजनाच झाली! आपण दिवाळीची सुट्टी परतीच्या पावसात दिली असती, तर पालकांनी जे म्हटले असते तेच तेथील पालक म्हणतात.

शिवाय सरासरी सौम्य असली, तरी प्रत्येक वर्ष सरासरीप्रमाणे वागत नाही. मध्य इंग्लंडच्या तपमानाची १६५९ पासूनची मासिक मालिका उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ले यांनी जुन्या नोंदी ताडून ती सिद्ध केली. तीत १९१२ च्या ऑगस्टचे सरासरी तपमान १२.९ अंश आहे आणि १९९५ च्या ऑगस्टचे १९.२ अंश. एकाच महिन्यात सव्वासहा अंशांचे अंतर! व्हॅलेन्शियाच्या जानेवारी-जुलैतील अंतराशी हे ताडून पाहावे. १९७६ साली उन्हाळा इतका कोरडा गेला की, इंग्लंडच्या संसदेला अवर्षणासाठी खास कायदा करावा लागला. तेथील माणूस दरवर्षी तशा उन्हाळ्याची आशा धरतो आणि बहुधा दुसऱ्याच प्रकारचा त्याच्या वाट्यास येतो. निश्चितपणे वाईट असलेल्या ऋतूने निराशा होत नाही. अनिश्चित ऋतूने होते.

तर मग सौम्य सागरी हवामान म्हणजे मळभ, असा नियम करावा काय? तो करता येत नाही, आणि ही गोष्ट शिकविण्याजोगी आहे. ‘सौम्य’ हा शब्द तपमानाच्या चढउताराविषयी आहे, प्रकाशाविषयी नाही. आपल्याच मुंबईचे उदाहरण घ्यावे. तेथे जानेवारी व मे यांच्या सरासरीत ६ अंशांच्या आसपासच फरक पडतो. नागपुरात तो सुमारे १४ अंशांचा असतो. मुंबई उष्ण कटिबंधात असल्यामुळे ती सौम्य नसली, तरी सम आहेच. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात तिचे आकाश निरभ्र असते. उलट जुलै महिन्यात मुंबईला दिवसाकाठी सरासरी अडीच तासही ऊन मिळत नाही, तेव्हा लंडनला सहा तासांहून अधिक मिळते. हा आकडा ऐकून मुले चकित होतील.

मूळ सागरी हवामानाच्या प्रदेशातही भूरचनेप्रमाणे फार मोठे अंतर पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस आणि पूर्वेस काही कोसांवर माणदेशाची कोरडी माळराने, हे ज्याने पाहिले आहे त्याला इंग्लंड समजावून सांगणे सोपे. वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेट या खेड्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील एसेक्सच्या काही भागांत साडेपाचशेच्या आसपास. दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्नला ऊन लंडनपेक्षा अधिक मिळते आणि त्याचे श्रेय पुन्हा समुद्राकडेच जाते. उन्हाळ्याच्या दुपारी आतील जमीन तापून तिच्यावर ढग चढतात, किनाऱ्यावरची थंड हवा ते चढू देत नाही. न्यूझीलंडमधील होकिटिका या गावी सुमारे २,९०० मिलिमीटर पाऊस पडूनही वर्षाला १,८०० तासांहून अधिक ऊन असते. तेथे पाऊस जोराने येतो, पडतो आणि निघून जातो. त्याच देशातील नेल्सन, डोंगरांच्या आडोशास असल्यामुळे, सुमारे २,४०० तास ऊन उपभोगते. हवामान तिन्ही ठिकाणी सौम्य सागरीच. लंडन-आयर्लंडचे मळभ हे अटलांटिकवरील आवर्तांचे, अक्षांशाचे व वाऱ्याला सामोऱ्या असलेल्या किनाऱ्याचे मिळून झालेले आहे.

हा सारा प्रश्न सहलीच्या मौजेपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा आला. हा रोग फैलावतो तो कडक थंडीत नव्हे आणि रखरखीत उन्हातही नव्हे. त्याला हवी असते नेमकी सौम्य, दमट, झाकोळलेली हवा. गरिबांचे जवळजवळ सर्व अन्न त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे मरण पावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. राज्यकर्त्यांच्या धोरणाचा दोष त्यात मोठा होता, परंतु रोगाला वाट हवेने करून दिली. पुढे १९५३ च्या सुमारास ऑस्टिन बर्क या आयरिश हवामानशास्त्रज्ञाने करप्याच्या पूर्वसूचनेचे नियम बसविले. हवा किमान १० अंश उबदार व ९० टक्के दमट अशी सलग बारा तास राहिली की धोका समजावा, हा त्यांचा गाभा. आंब्याला मोहोर आलेला असताना आभाळ भरून आले की आपला बागाईतदार का धास्तावतो, हे ज्या मुलांना ठाऊक आहे, त्यांना हा नियम परका वाटणार नाही.

आरोग्याचेही तसेच आहे. मुडदुसाला युरोपातील काही देशांत ‘इंग्रजी रोग’ म्हणत असत. उन्हाच्या अभावी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही व मुलांची हाडे वाकतात. त्या काळच्या कारखान्यांच्या धुराने मळभात भरच घातली. १९६० नंतरच्या दशकात ग्लासगो शहरात स्थायिक झालेल्या भारतीय व पाकिस्तानी कुटुंबांच्या मुलांतही हा रोग आढळला. सावळ्या कातडीला तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यास ऊन अधिक लागते आणि तेथे ते कमी. आहारातील फरकही त्याला कारण होता. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१६ पासून शरद व हिवाळ्यात ड जीवनसत्त्व घेण्याचा सर्वांनाच सल्ला दिला आहे. आपल्या मुलांना उन्हापासून जपण्याची सवय असलेल्या आपण शिक्षकांना ऊन हेही एक अन्न आहे, ही गोष्ट येथून सांगता येईल.

आणि तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्या ‘निराशाजनक’ उन्हाळ्याचा हेवा वाटावा. आयर्लंडात गवत जवळजवळ वर्षभर वाढते, म्हणून तेथील दुधाचा धंदा भरभराटीस आला. ब्रिटनमध्ये गव्हाचे उत्पन्न हेक्टरी सुमारे आठ टन, आपल्या देशात सुमारे साडेतीन. बियाणे, खते, जमीन यांचा वाटा त्यात आहेच. पण जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि हवा मात्र थंड, त्यामुळे दाणा भरण्यास दीर्घ काळ मिळतो. आपला गहू फाल्गुनातील उष्म्याने घाईघाईने पिकतो व दाणा बारीक राहतो. २०२० साली न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतातील एका शेतात, पाणी देऊन, हेक्टरी १७ टनांहून अधिक गहू निघाला. सावकाश पिकण्याची टॅसिटसने केलेली नोंद येथे कोठारात मोजून मिळते.

अलीकडे या सौम्यपणालाही तडे जात आहेत. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडातील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश तपमान नोंदले गेले. त्या देशात ४० चा आकडा त्यापूर्वी कधी गाठला गेला नव्हता. आपल्याकडे जळगाव-अकोल्याची माणसे त्या आकड्याला हसतील. पण तेथील घरे ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. त्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटांत इंग्लंडात नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार मृत्यू अधिक झाले, असा सरकारी अंदाज आहे. २०२५ चा उन्हाळा तर ब्रिटनमध्ये १८८४ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला.

हा पाठ शाळेतच प्रत्यक्ष करून पाहता येतो. ऊन मोजण्याचे प्रसिद्ध उपकरण म्हणजे काचेचा भरीव गोळा. त्याची मूळ कल्पना १८५३ मध्ये जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांची, सुधारणा १८७९ मध्ये स्टोक्स यांची. गोळ्यामधून गेलेले ऊन पाठीमागच्या पुठ्ठ्यावर जळका मार्ग उमटविते. ढग आला की तो मार्ग तुटतो. आपल्याला असा गोळा नको. पटांगणात एक सरळ काठी रोवावी आणि प्रत्येक तासाच्या घंटेला एका मुलाने जाऊन तिची सावली स्पष्ट पडली आहे किंवा नाही, एवढेच पाहून यावे. वहीत एका रकान्यात दुपारचे तपमान व दुसऱ्या रकान्यात सावली पडलेल्या घंटांची संख्या लिहावी. जुलैचा एक पंधरवडा आणि डिसेंबरचा एक पंधरवडा अशा दोन नोंदी पुरेत. उष्णतामापक नसलेल्या शाळांनी दुसराच रकाना ठेवावा. नोंद करणारा मुलगा दररोज बदलावा, आणि रविवारी शाळेजवळ राहणाऱ्याकडे ते काम द्यावे, म्हणजे पंधरवड्यात खाडा पडणार नाही.